चूज, सिलेक्ट की पिक? कुठला कधी वापरायचा

इंग्रजीत अर्ज किंवा ईमेल लिहायला बसलं की "निवडणे"साठी चूज लिहू, सिलेक्ट लिहू की पिक, इथे बरेच जण अडतात आणि मग जो जास्त भारदस्त वाटतो तो टाकून मोकळे होतात. डिक्शनरीत तिघांचे अर्थ जवळपास सारखेच दिसतात, पण शब्द कुठून आला ते बघितलं की फरक डोक्यात पक्का बसतो, माझा तरी तसाच बसला.

चूज हा अस्सल जुन्या इंग्रजीतला, तेव्हा चेओसान होता, आणि त्याच्या मागचं जे इंडो-युरोपियन (संस्कृत, लॅटिन, फारसी, इंग्रजी ह्या सगळ्यांची जी मूळ भाषा मानतात तिच्यातलं) मूळ आहे त्याचा अर्थ चक्क चव घेणे! म्हणजे आधी चाखलं, आवडलं, मग घेतलं. लॅटिनमधला गुस्तुस (चव) त्याच मुळातला, आणि आपल्या संस्कृतातला जुष् धातूही, म्हणजे एखादी गोष्ट आवडीने घेणे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात "अनार्यजुष्टम्" येतं ना त्यातला. आणि फारसीतून मराठीत आलेला दोस्त पण ह्याच घरातला, हे वाचलं तेव्हा मी खरंच हरखून गेलो. चॉइसची पण गंमत आहे, इंग्रजीत आला फ्रेंचमधून, पण फ्रेंचांनी तो आधी जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या त्या) भाषांकडूनच उचलला होता. तर जिथे आपली आवड, आपलं मन आहे तिथे चूज. करिअर, जोडीदार, राहायचं गाव. फक्त भूतकाळ लिहिताना चोज होतं आणि स्पेलिंगमधला एक ओ गळतो, तिथे हमखास चूक होते.

सिलेक्ट लॅटिनचा, 16व्या शतकात इंग्रजीत आला. से म्हणजे वेगळं, लेगेरे म्हणजे गोळा करणे, थोडक्यात ढिगातून पारखून बाजूला काढणे. इलेक्ट पण ह्याच लेगेरेचा. म्हणून जिथे निकष आहेत, यादी आहे, तिथे सिलेक्ट. आपण मराठीत बोलताना हे आपोआप बरोबर करतो बघा, नोकरी लागली की "सिलेक्शन झालं" म्हणतो आणि साडी आवडली की "तुझी चॉइस मस्त आहे", उलट कोणी म्हणत नाही.

पिकमध्ये टोचणे, चोच मारणे असा भाव आहे, टूथपिक आठवा. हाताने एकेक उचलायचं, कापूस वेचतो तसं, इंग्रजीत कापूस वेचण्याला पिकच म्हणतात. मित्राला "कुठलाही एक घे" सांगायला एकदम छान, पण ऑफिसच्या पत्रात मी तरी टाळेन.

आता अर्जात "मी हा कोर्स का घेतला" सांगायचं असेल तर चोज लिहा, कारण तिथे तुमचा ओढा सांगायचाय, आणि "माझी स्कॉलरशिपसाठी निवड झाली" ला सिलेक्टेड. फॉर्म बनवत असाल आणि जिल्ह्यांची यादी देत असाल तर तिथे पण सिलेक्टच, जिल्हा काय कोणी चव बघून निवडत नाही.