सुयांना फर्स्ट क्लास, रक्ताला काठावर पास: पीआरपी मायक्रोनीडलिंगचा माझा अनुभव

चेहऱ्यावर बारीक सुया टोचायच्या आणि वर स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी चोळायचं, हे म्हणजे पीआरपी मायक्रोनीडलिंग. माझं तिसरं सेशन होऊन आता साडेपाच महिने झाले म्हणून आत्ता लिहितोय, मुद्दामच थांबलो होतो. करायच्या आधी मी जे जे रिव्ह्यू वाचले त्यातले निम्मे लोकांनी चौथ्या-पाचव्या दिवशी लिहिलेले, "काय ग्लो आलाय" वगैरे, आणि आता स्वतः करून घेतल्यावर कळतंय की तो ग्लो म्हणजे सूज असते हो. चेहरा जरासा सुजला की बारीक रेषा आणि खड्डे भरल्यासारखे दिसतात, आठवडाभरात सूज उतरली की पुन्हा जैसे थे. खरं काय ते दोन-तीन महिन्यांनंतर दिसायला लागतं, तोवर आरशासमोर उभं राहून नुसता जीव जाळायचा.

माझं सांगायचं तर वय ४४, पुरुष. (हो, पुरुषही करतात, वेटिंगमध्ये आम्ही दोघं-तिघं असायचोच, प्रत्येकजण मोबाईलमध्ये डोकं खुपसून.) कॉलेजात असताना पिंपल्स फोडायची घाण सवय होती त्याचे दोन्ही गालांवर खड्डे, शिवाय डोळ्यांच्या कडेच्या आणि कपाळावरच्या रेषा, आणि एकूणच कातडी मरगळल्यासारखी. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सरळ सांगितली ती मला आवडली, की रुंद, उथळ, लाटेसारखे खड्डे असतात ते सुयांनी बऱ्यापैकी भरतात, पण सुई टोचल्यासारखे अरुंद आणि खोल जे असतात, आइसपिक म्हणतात त्यांना, त्यांच्यावर याचा फार उपयोग होत नाही, त्याला वेगळी ट्रीटमेंट. माझ्याकडे दोन्ही प्रकार. त्यामुळे अपेक्षा तिथेच अर्ध्यावर आल्या, बरंच झालं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पेनसारखं एक मशीन असतं, पुढे बारीक सुयांचं कार्ट्रिज, ते एका सेकंदात कितीतरी वेळा वर-खाली होतं आणि चेहऱ्यावर हजारो बारीक भोकं पाडतं. खड्ड्यांसाठी दीड ते अडीच मिलिमीटर खोल, कपाळावर आणि डोळ्यांजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. शरीराला वाटतं जखम झाली, मग ते दुरुस्तीला लागतं, आधी घाईघाईत कच्चं कोलाजन (कातडीला भरीव ठेवणारं प्रोटीन) टाकतं आणि पुढे काही महिने ते बदलून पक्कं कोलाजन बांधत बसतं. म्हणूनच वेळ लागतो. या सगळ्याची सुरुवात पण गमतीशीर आहे, कॅनडातल्या कामिराँ आणि डुसे या दोघांनी १९९७ मध्ये चक्क टॅटूची मशीन शाई न भरता जुन्या व्रणांवर चालवली होती, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतले प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी त्याचा सुयांचा रोलर केला.

पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, हा त्यावरचा दुसरा मजला. तुमच्याच हातातून साधारण १० ते २० मिली रक्त काढतात, गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये औषध असतंच, मग सेंट्रिफ्यूजमध्ये टाकून गरगर फिरवतात. तांबड्या पेशी जड म्हणून तळाला, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि त्या दोघांच्या सीमेजवळ प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारे बारीक कण) जास्त. प्लाझ्माचा वरचा पाणचट भाग बाजूला काढायचा आणि खालचा प्लेटलेटवाला घ्यायचा. आपल्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, पीआरपी नीट जमलं तर ते दहा लाखांच्या आसपास जातात. त्यातून ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारी प्रोटीनं, सुटतात आणि जखम भरून यायला मदत होते अशी कल्पना. ते पेन फिरवताना चेहऱ्यावर चोळतात, म्हणजे भोकांतून आत जावं. आणि हो, ते रक्तासारखं लाल नसतं, पिवळंच असतं. अमेरिकन टीव्ही स्टार किम कार्दाशियनचा असंच फेशियल केल्यावरचा २०१३ चा तो रक्ताने माखलेला फोटो पाहून लोक घाबरतात, पण चेहऱ्यावर जे लाल दिसतं ते सुयांमुळे आलेलं रक्त.

पहिलं सेशन. आधीचा आठवडाभर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन बंद, कारण या गोळ्या प्लेटलेटचंच काम मंदावतात, मग पीआरपी करून उपयोग काय. (कोणाला हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका बाबांनो, आधी डॉक्टरांना विचारा.) आदल्या दिवशी भरपूर पाणी, आणि जाण्याआधी तेलकट-तुपकट खायचं नाही, नाहीतर प्लाझ्मा दुधाळ येतो, हे मला पहिल्या वेळी कोणी सांगितलंच नव्हतं आणि माझी ट्यूब बघून सिस्टर म्हणाल्या, "काय खाऊन आलात?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चेहऱ्यावर लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं क्रीम थापून पाऊण-एक तास बसवतात. गालांवर मग फार नाही दुखत, चरचरल्यासारखं होतं, पण कपाळ, नाकाची बाजू आणि वरचा ओठ, अरे देवा. हाडावर कातडी पातळ असते तिथे मशीनची घरघर थेट कवटीत ऐकू येते. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी रडतोय असं त्यांना वाटू नये म्हणून उगाच खोकलो. वीसेक मिनिटांत संपलं. घरी आलो तर बायको दारातच, "अगं बाई, हे काय करून आलास?" दोन दिवस टोमॅटोसारखा लाल, तिसऱ्या दिवशी सॅंडपेपर, पाचव्या दिवशी बारीक पापुद्रे, ते ओढायचे नाहीत, सातव्या दिवशी ऑफिसात कोणी काही बोललं नाही. पहिला दिवस नुसतं थंड पाणी आणि साधं मॉइश्चरायझर, नंतर एसपीएफ ५० न चुकता. हे सनस्क्रीनचं हसण्यावारी नेऊ नका. लेसरपेक्षा सावळ्या कातडीला हा प्रकार बरा कारण वरचा थर भाजला जात नाही, पण उन्हात गेलात तर काळे डाग पडू शकतातच.

आणि एक, ताज्या भोकांवर घरचं व्हिटॅमिन सी सीरम, रेटिनॉल, ॲसिड असलं काहीही लावायचं नाही. कातडीच्या वर चालणारी गोष्ट आत गेली की वेगळंच रामायण होतं, २०१४ मध्ये डॉक्टरांनी अशा केसेस छापल्यात ज्यात मायक्रोनीडलिंगसोबत सीरम लावल्यावर चेहऱ्यावर गाठी आल्या.

आता दुसरं सेशन, आणि माझी खरी तक्रार. क्लिनिकचं नाव लिहित नाही, नंतर त्यांनी दुरुस्त केलं म्हणून. त्या दिवशी गर्दी होती, माझं रक्त काढलं, मी क्रीम लावून बसलो, आणि आत गेलो तर ट्रेमध्ये दोन ट्यूब. दोन्ही सारख्या. दोन्हीवर काहीही लिहिलेलं नाही. मी विचारलं यातली माझी कुठली, तर असिस्टंट एका क्षणासाठी थांबला, म्हणजे अगदी अर्धा सेकंद, पण तो अर्धा सेकंद मला पुरला. मग म्हणाला "ही तुमची सर", आणि पेनने माझं नाव लिहायला लागला. मी उठून बसलो. चेहरा बधिर, तोंड वाकडं, शब्द नीट येईनात, पण सांगितलं की ही ट्यूब माझ्या चेहऱ्यावर लागणार नाही, परत रक्त काढा, माझ्यासमोर लेबल लावा, माझ्यासमोर मशीनमध्ये टाका. थोडी कुरकुर झाली, "सर असं कधी होत नाही". मग मॅडम डॉक्टर आल्या, त्यांनी ऐकलं, दोन्ही ट्यूब फेकायला लावल्या, बाहेर बसलेल्या दुसऱ्या पेशंटचंही रक्त परत काढलं आणि माझ्याकडे बघून सॉरी म्हणाल्या. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा नाव आणि वेळ छापलेली स्टिकर आलेली होती.

तुम्हाला वाटेल फारच बाऊ करतोय. तर वाचा, अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका लायसन्स नसलेल्या स्पामध्ये हेच पीआरपी मायक्रोनीडलिंगचं फेशियल करून घेतलेल्या काही बायकांना एचआयव्ही झाला, २०१८ मध्ये तो स्पा बंद झाला आणि २०२४ मध्ये तिकडच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सगळा रिपोर्ट छापला. तपासणीत काय सापडलं तर किचनच्या ओट्यावर लेबल नसलेल्या रक्ताच्या ट्यूब, फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी आणखी ट्यूब, ड्रॉवरमध्ये उघड्या सिरिंज. स्वतःचं रक्त आहे म्हणून सेफ, असं सगळीकडे सांगतात, पण ते स्वतःचंच आहे हे कोण बघणार? तुम्हीच. ट्यूबवर नाव, आणि कार्ट्रिजचं सील तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, वापरून झाल्यावर तुमच्यासमोर टाकलं पाहिजे. विचारायला लाजू नका, मी तर आता निर्लज्जपणे विचारतो.

तिसऱ्या सेशनचं सांगण्यासारखं काही नाही, छान झालं. प्रत्येक दोन सेशनमध्ये पाच आठवडे अंतर होतं.

रिझल्ट. रुंद खड्डे माझ्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास भरले, तिरप्या उजेडात दाढी करताना जाणवतं, आधी ब्लेड अडखळायचं तिथे आता सरळ जातं. कातडी हाताला मऊ लागते. डोळ्यांच्या कडेच्या रेषा थोड्या सौम्य, कपाळावरच्या होत्या तशाच, कारण त्या स्नायूंमुळे पडतात, सुयांचा तिथे काय संबंध. आइसपिकवाले खड्डे डॉक्टर म्हणाल्या होत्या तसे ढिम्म. क्लिनिकचे बिफोर-आफ्टर फोटो मात्र भारी दिसतात, पण नीट बघितलं तर आधीचा फोटो वरून येणाऱ्या लाईटमध्ये, त्यामुळे खड्ड्यांत सावली, आणि नंतरचा समोर गोल लाईट लावून. मी घरी दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळेला फोटो काढत होतो, त्यात फरक आहे पण निम्मा.

आणि हा फरक पीआरपीमुळे की नुसत्या सुयांमुळे? इथेच माझी गाडी अडते. मी बरंच वाचलं. २०१६ च्या एका अभ्यासात ५० पेशंटच्या एका गालावर सुया आणि पीआरपी, दुसऱ्या गालावर सुया आणि डिस्टिल्ड वॉटर, तर खड्ड्यांत सुधारणा पीआरपीच्या बाजूला ६२ टक्के आणि पाण्याच्या बाजूला जवळपास ४६ टक्के. म्हणजे पीआरपीने भर घातली, मान्य, पण ४६ पर्यंत तर त्याच्याशिवायच पोचले ना! दुसरा अभ्यास २०१८ चा, त्यात पेन नव्हतं, थेट इंजेक्शनं होती, उन्हाने म्हातारी झालेली कातडी, एका गालात पीआरपी आणि दुसऱ्यात नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी. पेशंटना कुठल्या बाजूला काय ते सांगितलेलं नव्हतं. सहा महिन्यांनी पेशंट म्हणाले पीआरपीची बाजू जास्त सुधारली, पण फोटो बघणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही बाजूंत फरक दिसला नाही.

हे वाचून मी मोठ्याने हसलो, कारण आमच्या घरी अगदी हेच झालं. मी बायकोला विचारलं, फरक दिसतोय का? तिने चष्मा लावून, माझी हनुवटी धरून इकडे-तिकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "दाढी केलीस का?" माझ्या हाताला कळतं, तिच्या डोळ्याला नाही. यात कोणाला खरं मानायचं ते तुम्ही ठरवा, चेहरा माझा आहे म्हणून मी माझ्या बाजूने मत दिलंय.

तर सुयांना माझ्याकडून पाचपैकी चार. पीआरपीला अडीच, त्यातला अर्धा स्वतःच्या रक्ताची ॲलर्जी सहसा होत नाही म्हणून. वाईट नाही, पण ते जोडलं की बिल चांगलंच फुगतं, शिवाय प्रत्येक ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी, कोणी एकदा फिरवतं कोणी दोनदा, हातात येणारी चीज तीच आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. हात आखडता असेल तर नुसत्या सुयांचे तीन सेशन करा, असं मी माझ्या धाकट्या भावालाही सांगितलंय. क्लिनिकला साडेतीन, तो अर्धा मॅडमच्या सॉरीचा.

ज्यांना केलॉइड होतात, म्हणजे जखमेचा व्रण फुगून वर येतो, त्यांनी या वाटेला जाऊच नये. चेहऱ्यावर सध्या पिकलेले पिंपल्स असतील तर आधी ते आवरा, नाहीतर सुया ते सगळीकडे पसरवतात. ओठांवर वारंवार हर्पीसचे फोड उठत असतील तर आधीच सांगा, गोळ्या देतात. रक्त पातळ करायचं औषध, प्लेटलेटचा काही त्रास, प्रेग्नन्सी, हे सगळं पहिल्याच भेटीत बोलून टाकायचं. आणि कृपा करून ऑनलाईन रोलर मागवून घरी दीड मिलिमीटरचे प्रयोग करू नका, मी केलाय एकदा, त्यावर वेगळं लिहीन.

परवा क्लिनिकमधून मेंटेनन्स पॅकेजसाठी फोन आला होता, वर्षातून दोनदा पीआरपीसकट. नको म्हटलं. त्या दोन हट्टी आइसपिक खड्ड्यांसाठी टीसीए क्रॉस करायचं ठरवलंय, त्यात खड्ड्याच्या तळाला कडक ॲसिडचा एक थेंब टेकवतात, पुढच्या महिन्याची वेळ घेतली. बायको म्हणते जाताना दाढी करून जा.