सत्तरचं सांगून एकशेवीसचं रीळ पाठवलं, ₹३३,६५० गेले

कॅमेऱ्याची फिल्म धुताना ती ज्यावर गुंडाळतात, ते जुनं रीळ घेताय? रिळाच्या दोन चकत्यांच्या मध्ये मापाची पट्टी धरलेला फोटो आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. मी तो फोटो मागितला होता. आला नाही, तरी पैसे पाठवले, कारण समोरचा माणूस जे बोलत होता ते सगळं खरं होतं. या फसवणुकीची खरी धार तिथेच आहे.

माझ्याकडे आजोबांचा घडीचा कोडॅक आहे, ११६ नंबरच्या रोलचा. हा रोल १८९९ साली आला आणि १९८४ साली बंद झाला. फिल्म ७० मिलिमीटर रुंद, निगेटिव्ह जवळजवळ साडेसहा बाय अकरा सेंटिमीटरची. आज तो कॅमेरा चालवायचा तर ७० मिलिमीटरची बिनछिद्रांची फिल्म अंधारात कापून जुन्या ११६ च्या कागदात गुंडाळावी लागते. तेवढं मला जमतं. अडचण धुलाईची. बाजारात मिळणारं प्लॅस्टिकचं रीळ ३५, १२७ आणि १२० या तीनच मापांवर अडकतं, त्यापुढे उघडत नाही. (१२७ आणि १२० हे रोलचे नंबर आहेत, मिलिमीटर नव्हेत; १२० ची फिल्म जेमतेम ६१ मिलिमीटरच्या आसपास रुंद.) ट्रेमध्ये धुवायचं तर जवळजवळ मीटरभर फिल्म पूर्ण अंधारात हातांनी वरखाली हलवत राहायची. नखाचा एक ओरखडा पडला की फ्रेम गेली. म्हणून ७० चं स्टीलचं रीळ आणि त्याची उंच टाकी हवी होती. निकॉर, किंडरमन असल्या कंपन्यांनी ती बनवलेली, पण आपल्याकडे नजरेला पडत नाहीत.

हा माणूस फोटोग्राफीच्या एका ग्रुपमध्ये भेटला. वडिलांचा स्टुडिओ बंद केला, सामान काढतोय म्हणाला. दोन रिळं आणि टाकी ₹१८,५००, बिनछिद्रांच्या ७० च्या फिल्मचा पन्नास फुटी डबा ₹११,०००, कुरियर ₹६५०. महाग होतं, पण वेड्यासारखं महाग नव्हतं. फार स्वस्त सांगितलं असतं तर मी तिथेच थांबले असते, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. "ताई, प्लॅस्टिकचं रीळ जरा ओलं राहिलं की फिल्म अडकते, स्टीलचं मधून भरायचं, क्लिप लावली की आपोआप बसते," असं बोलायचा. ज्याने कधी रोल धुतलेला नाही त्याला हे कुठून माहीत असणार?

मग त्याने व्हिडिओ पाठवला. उजेडात, सरावाची फिल्म रिळावर चढवतानाचा. फिल्मला मागे कागद होता. मी लगेच विचारलं, ७० च्या सुट्या फिल्मला कागद कसा? उत्तर आलं, "११६ ला असतो ना ताई." बरोबर आहे, असतो. मी गप्प बसले. पण तो कागद कोरा करकरीत होता, कडा पांढऱ्याशुभ्र, छपाई ताजी. ११६ चा सगळ्यात नवा कागदसुद्धा चाळीस वर्षांचा असणार. माझ्या घरात तसले कागद आहेत. पिवळट, घडीवर फाटणारे. रोज हाताळते मी ते. व्हिडिओत दिसत होता तो आजच्या १२० च्या रोलचा कागद, म्हणजे रीळही १२० चंच. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याच रात्री यूपीआयवर ₹३०,१५० पाठवले. त्याच्या उत्तरात खोट काढायला जागाच नव्हती, त्यामुळे प्रश्न मिटला असं वाटलं. तुमच्या बाबतीत असं झालं तर उत्तर खरं आहे का एवढंच पाहू नका, ते समोरच्या वस्तूला लागू पडतं का ते पाहा.

पार्सल आलं. बारीक माप घेणारा व्हर्नियर लावला: चकत्यांमध्ये ६१ मिलिमीटर. ७० ची फिल्म त्यात बसणं अशक्य. डबा चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत हात घालून उघडला; बोटांना दोन्ही कडांना छिद्रं लागली, पट्टी अरुंद. सिनेमाची ३५ ची रद्दी. फिल्मचा डबा उजेडात उघडून तपासता येत नाही, त्यामुळे सीलबंद डबा अनोळखी माणसाकडून घेऊच नका. फोन केला तर म्हणाला, चुकीचं पार्सल गेलं, बरोबर पाठवतो, ₹३,५०० ठेव टाका, लगेच परत मिळेल. तेही टाकले, कारण आधीचे ₹३०,१५० त्याच्या हातात होते. त्यानंतर नंबर बंद.

आणि मग पोलीस चौकी. पहिला प्रश्न, "मॅडम, पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?" मी व्हर्नियर दाखवला, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तक्रारीत लिहिलं "कॅमेऱ्याचे सुटे भाग". मी सांगितलं, भाग नव्हे, सांगितलेलं माप आणि पाठवलेलं माप हाच गुन्हा आहे. उत्तर: हा दिवाणी मामला, कोर्टात जा. ७० सांगून ६१ पाठवणं दिवाणी, आणि वर ठेव म्हणून उकळलेले ₹३,५०० पण दिवाणी? बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. समोरचं खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेकडून माहिती आणा. ग्राहक म्हणून दाद मागायला गेले तर विकणारा व्यापारी नाही, घरातलं जुनं विकणारा माणूस आहे, म्हणून तिथेही नकार. मी कागदांची फाइल घेऊन फिरतेय आणि त्या माणसाचं खातं अजून चालू आहे. चोरीचा मोबाइल असता तर निदान कुणी बसा म्हणालं असतं. जुन्या फिल्मचं सामान म्हटल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव: एवढे पैसे यावर घातलेच का? माझे कष्टाचे पैसे मी कशावर घालावे हा प्रश्न त्यांना कुणी विचारायला सांगितला?

पैसे गेले की चौकीच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या तासात. मी पार्सलची वाट पाहत बसले आणि ती वेळ निघून गेली. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. चौकीत नोंद घेत नसतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहूनच तक्रार द्या आणि पोचवर शिक्का मागा. तरीही नाही घेतली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. माझी गेली आहे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, मापाची पट्टी त्यात दिसू द्या.

त्याने विकायला काढलेल्या सामानाचा तोच फोटो परवा दुसऱ्या नावाने दुसऱ्या ग्रुपमध्ये आला. स्टीलची टाकी, झाकणाच्या कडेला पोचा, मागे निळ्या चौकड्यांचं टेबलक्लॉथ, भाव तोच ₹१८,५००. कुणी पैसे पाठवले असतील तर मला यूटीआर कळवा. माझ्या तक्रारीला तुमची जोडली की त्याच खात्यावर दोन नोंदी होतील.