काचेची पट्टी 'मेली' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यापासून सावध

जुनी फियाट, पद्मिनी किंवा अँबॅसेडर बाळगणाऱ्यांनी हे जरूर वाचा. काचेभोवतीची स्टेनलेस स्टीलची पट्टी हातात धरून गॅरेजवाला "ही मेली, सरळ होणार नाही" म्हणाला, की ती पट्टी ताब्यात घ्या आणि निघा. बाबांच्या 1986 च्या पद्मिनीच्या पुढच्या काचेच्या मूळ पट्ट्या याच वाक्यावर गेल्या.

दुखणं किरकोळ होतं. पुढच्या काचेचं रबर तडकून पावसाचं पाणी आत यायचं आणि वरच्या पट्टीला कोपऱ्यापाशी एक मुडप होती. पुण्यातल्या एका गॅरेजात गाडी दिली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला, तर पट्टीवर चार मुडपी! "काका, स्टील कुजलंय, हात लावला की वाकतंय. माझ्याकडे कंपनीचा जुना स्टॉक आहे, सीलबंद. नऊ हजार होतील." जुन्या पट्ट्या परत मागितल्या तर उत्तर मिळालं, "भंगारात गेल्या."

पहिल्याच पावसाळ्यानंतर नव्या पट्टीच्या टोकांना तांबूस फोड आले. लोहचुंबक लावला तर घट्ट चिकटला, मागच्या काचेच्या मूळ पट्टीला मात्र चिकटेना. साध्या पत्र्यावर क्रोमचा पातळ मुलामा देऊन आमच्या गळ्यात मारला होता. शिवाय ती रबराच्या खाचेत नीट बसत नव्हती, म्हणून खाली सिलिकॉन भरलेलं. त्यामागे पाणी अडून काचेखालचा पत्राही गंजायला लागला. पट्टीपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

पुढे एका वयस्कर पॉलिशवाल्या चाचांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. गाडी देण्याआधी बाबांनी काढलेल्या फोटोत मुडप एकच. चाचा म्हणाले, "बाकीच्या तीन स्क्रू ड्रायव्हरच्या आहेत. पट्टी उचकटून काढली की अशाच पडतात." रबर बदलायचंच असेल तर पट्टी उपसायचीच नसते. जुन्या रबराचा ओठ ब्लेडने कापला की ती न वाकता सुटून येते. हे कोणत्याही जाणत्या कारागिराला ठाऊक असतं, त्यामुळे ते चुकून झालं यावर माझा विश्वास नाही.

मागच्या पट्टीलाही एक पोचा होता. तो चाचांनी आमच्यासमोर काढला. पट्टी लाकडी ठोकळ्यावर पालथी ठेवून, गुळगुळीत तोंडाच्या छोट्या हातोडीने आतल्या बाजूने हलके ठोके, पोच्याच्या कडेकडून मध्याकडे. जोरात ठोकलं तर स्टील ताणून फुगतं आणि ठोकत राहिलं तर कडक होत जातं, म्हणून घाई नाही. मग बारीक कानस फिरवली, तिने उंच-सखल जागा लगेच दिसतात. त्यानंतर 320, 600, 1000 असा क्रमाने बारीक होत जाणारा पॉलिश पेपर आणि शेवटी कापडी चाकावर बफिंग. चाकात कड अडकली तर पट्टी पुन्हा वाकते, तेव्हा ती दोन्ही हातांनी धरून फिरवत होते. पोचा कुठे होता ते आज बोटालाही लागत नाही! स्टेनलेसमध्ये हे जमतं, कारण चमक धातूचीच असते. क्रोमच्या पट्टीवर कानस लावली की मुलामा गेलाच.

कुर्ल्याला पद्मिनी बनणं बंद होऊन दोन दशकांहून जास्त झाली. 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. आता हौशी लोक मूळ भागांना चांगले पैसे मोजतात, त्यामुळे तुमची वाकडी पट्टीही कुणाला तरी हवी असते. सीलबंद जुना स्टॉक कधीकधी खरंच मिळतो, पण तो आधी समोर उघडून, तुमच्या गाडीच्या उरलेल्या मूळ पट्टीशी वजन आणि चुंबक ताडून पाहा. काही प्रकारच्या स्टेनलेसलाही चुंबक ओढतो, म्हणून नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नका.

भांडून बाबांना निम्मे पैसे मिळाले, पट्ट्या नाहीत. गाडी देताना प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला टोकदार खिळ्याने खूण करा, तिचा फोटो ठेवा आणि पावतीवर 'काढलेले सर्व भाग परत' असं लिहून सही घ्या. सही द्यायला का-कू केली तर गाडी तिथे सोडू नका. फसवणूक झालीच असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तक्रारीसोबत आधीचे-नंतरचे फोटो जोडा.