फ्लॅटच्या मुख्य दाराला काय लावावं: टाळं, नाइट लॅच, मॉर्टिस की डिजिटल?

फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डरने लावलेलं लॅच बदलायचं हे जवळपास सगळे ठरवतात. कशाने बदलायचं, तिथे गाडी अडते. दुकानदार महागातलं पुढे करतो, सुतार त्याच्या हाताला सवयीचं असेल तेच सुचवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: घरात दिवसभर माणसांची ये-जा असेल तर डिजिटल, नाहीतर चांगलं मॉर्टिस, म्हणजे दाराच्या जाडीत बसणारं कुलूप. पण त्याआधी दाराकडे आणि चौकटीकडे बघा.

घरफोडीच्या बातम्यांत ‘बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द वर्षानुवर्षं तसेच छापून येतात, कारण चोरांची पद्धतही फारशी बदललेली नाही. चावीच्या भोकात तार घालून बसायला त्यांना वेळ नसतो. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं होतं. ब्रामा कंपनीच्या कुलपाला मात्र त्याला ५१ तास लागले, तेही १६ दिवसांत मिळून. आपल्याकडे येणारा चोर असला नाद करत नाही, तो कटावणी आणतो. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पत्र्यात शिरते, तो अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर उभा असेल तर कुलूप तीनशेचं की तीस हजारांचं याने काही फरक पडत नाही. तो पत्रा जाड घ्या आणि चौकटीत खोल जाणाऱ्या अडीच-तीन इंची स्क्रूंनी बसवा. खर्च शे-दोनशे रुपयांचा. चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, नीट धरलेली आहे का आणि दार आतून पोकळ आहे का, तेही बघून घ्या.

टाळं

सात लिव्हर, आठ लिव्हर हे आकडे चावीबद्दल सांगतात. आतले सगळे लिव्हर, म्हणजे चावीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, नेमक्या उंचीवर आल्याशिवाय कुलूप उघडत नाही, म्हणून लिव्हर जास्त तेवढी बनावट चावी लागणं अवघड. पण टाळं ज्या कोयंड्यात अडकतं, त्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर हा हिशेब संपलाच. शिवाय टाळं लांबूनच सांगतं की घरात कुणी नाही. मे महिन्यात सगळा मजला गावाला गेलेला असताना ही जाहिरात नको. सेफ्टी डोअरला जादा म्हणून किंवा गच्चीच्या दाराला टाळं ठीक. मुख्य दाराला एकटं टाळं लावू नये.

नाइट लॅच

स्वस्त, सुताराला पाठ असलेलं आणि दार ओढलं की आपोआप लागणारं. हा शेवटचा गुणच त्याचा दोषही आहे. वाऱ्याने दार आपटतं, चावी आत राहते, गॅसवर दूध असतं आणि आत दोन वर्षांचं मूल. अग्निशमन दलाला बोलावण्याची पाळी येते ती बहुधा अशीच. दुसरी अडचण अशी की ज्याची जीभ नुसती स्प्रिंगवर असते ते लॅच फटीतून पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून मागे ढकलता येतं. चावी फिरवल्यावर ठोकळ्यासारखे बोल्ट बाहेर येतात, असंच लॅच घ्या. तीन बोल्टवालं दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतं आणि मध्यम बजेटमध्ये वाईट नाही. मात्र बाहेर पडताना चावी फिरवण्याची सवय हवी. नुसतं दार ओढून निघालात तर ते बोल्ट काही कामाचे नाहीत.

मॉर्टिस

हे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवतात, त्यामुळे वरून उचकटायला काही हाती लागत नाही. यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे सिलिंडर, म्हणजे चावी ज्यात घालतात तो भाग, वेगळा निघतो. भाडेकरू बदलला, चावी हरवली, ड्रायव्हर सोडून गेला, की एक स्क्रू काढून फक्त सिलिंडर बदलायचा. मापात मात्र चूक नको. मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंच्या टोकांपर्यंतची लांबी वेगवेगळी मोजा. बाहेरच्या बाजूला सिलिंडर प्लेटच्या पुढे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर पान्यात पकडून मोडता येतो. आतल्या बाजूला चावीऐवजी फिरवायची मूठ असलेला सिलिंडर घ्या. दोन्हीकडून चावी लागणाऱ्या दारात, आग लागून घर धुराने भरलेलं असताना चावी शोधत बसावं लागेल.

खाच पाडणारा सुतार मात्र जाणता हवा. पातळ दारात घाईने पाडलेली खाच नेमकी कुलपाजवळच दार कमजोर करते.

डिजिटल

स्वयंपाकाच्या मावशी सकाळी, मुलं दुपारी, क्लासहून परतणारी मुलगी संध्याकाळी आणि अधूनमधून सासू-सासरे, असं घर असेल तर चाव्यांच्या पाच प्रती गावभर फिरवण्यापेक्षा पाच पासकोड बरे. मावशींनी काम सोडलं की त्यांचा कोड पुसायचा. पाहुण्यांना एका दिवसाचा कोड देता येतो. कोण कधी आलं याची नोंद राहते, पण ती घरात उघडपणे सांगून ठेवावी, नाहीतर कुलपावरून भांडणं होतात.

बोटाच्या ठशावर फार भिस्त ठेवू नका. भांडी-धुण्याने झिजलेल्या बोटांना रेशन दुकानातलं यंत्र दाद देत नाही, तशीच गत इथेही होते. आजीआजोबांच्या कोरड्या बोटांचंही तेच. त्यांच्यासाठी कार्ड किंवा पासकोड ठेवा. कार्डांतही फरक आहे. १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डाची नक्कल सहज होते, आणि मायफेअर क्लासिक या सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्डाची सुरक्षा संशोधकांनी २००८ मध्येच मोडून दाखवली. डेसफायर जातीचं कार्ड चालत असेल तर ते घ्या. पासकोडच्या मागेपुढे फालतू आकडे दाबायची सोय असावी, म्हणजे जिन्यात उभं राहून बघणाऱ्याला खरा कोड कळत नाही.

सेल संपले तर काय, ही भीती मात्र अवास्तव आहे. बहुतेक कुलुपांत चार किंवा आठ पेन्सिल सेल असतात, कुलूप आधी कुरकुरतं, आणि तरी दुर्लक्ष केलंत तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी किंवा पॉवर बँक लावून ते जागं करता येतं. वायफायला सतत जोडलेलं कुलूप सेल लवकर खातं. खरी कटकट पावसाळ्यात होते. लाकडी दार फुगतं, बोल्ट खोबणीशी जुळत नाही आणि मोटर अडते. तुमचं दार जूनमध्ये खांद्याने ढकलावं लागत असेल तर आधी ते रंधून घ्या. कोकणात, समुद्राजवळ राहत असाल तर खारट हवेचं काय, हेही दुकानदाराला विचारा.

दोन गोष्टी खरेदीआधी मोजायच्या: दाराची जाडी, आणि मुख्य दार व सेफ्टी डोअर यांच्यातलं अंतर. लांब हँडलचं कुलूप जाळीवर आपटतं हे बसवायच्या दिवशी कळलं तर परत कोण घेणार? जादा म्हणून दिलेल्या साध्या चावीचा सिलिंडरही तपासा. वर वीस हजारांचं इलेक्ट्रॉनिक्स आणि खाली खेळण्यातला सिलिंडर, असे नमुने बाजारात पुष्कळ आहेत.

नोकरीसाठी दोघंही बाहेर, चाव्या दोनच आणि घरी कुणी येणारं नसेल, तर हे पैसे मॉर्टिस आणि चौकटीवर घाला. भाड्याच्या घरात मालक दाराला हात लावू देत नाही. तिथे मॉर्टिस असेल तर परवानगी घेऊन स्वतःचा सिलिंडर बसवा, मालकाचा जुना डब्यात जपून ठेवा आणि घर सोडताना तोच परत लावून द्या.