माळ्यावरचे जुने पॅड की नवे फोमचे?

दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा हॉकीच्या गोलमध्ये उभं राहायचं ठरलं की आधी आठवतात पायाला बांधायचे, माळ्यावरचे जुने पॅड. वरून कॅनव्हास, आत कापूस आणि वेताच्या काड्या. चांभाराकडून पट्टे बदलून घेतले की भागेल, असं वाटतं. दुसरा पर्याय म्हणजे जालंधर-मेरठकडचे किंवा परदेशी फोमचे पॅड.

जुन्या पॅडचा एक गुण मानलाच पाहिजे. चेंडू आदळला की तिथंच मरतो, पायाशी पडतो, आणि सवय सुटलेल्या गोलीला तो बाजूला काढायला उसंत मिळते. फोमवरून तोच चेंडू जोरात उसळतो. पॅड समोर सरळ धरला तर थेट फॉरवर्डच्या स्टिकवर जातो. त्यामुळे गुडघा किंचित बाहेर वळवून पॅड साइडलाइनकडे तोंड करून धरावा लागतो. माझ्या अंदाजानं हे अंगवळणी पडायला पाच-सहा सराव जातात. पेनल्टी कॉर्नरचा पहिला हिट गोलच्या तळाशी असलेल्या 460 मिलिमीटर उंच फळीपेक्षा वर गेला तर गोल धरत नाहीत, म्हणजे तो खालूनच येतो, म्हणून ही सवय आधी पॅड आणि किकरलाच (बुटावर बांधायचं जाड कवच) लावावी.

माझ्यापुरता निकाल लावला तो पाण्यानं. मिरग लागला की बेळगाव-खानापूर पट्ट्यात मैदान महिनोन् महिने ओलंच असतं. जुना पॅड आधी खालच्या शिवणीतून, किकरला घासतो तिथून, पाणी ओढतो. भिजलेला कापूस गोळा होऊन खाली बसतो आणि नेमका गुडघ्यापाशी पॅड पोकळ पडतो. वजन वाढलं की उत्तरार्धात तो नडगीभोवती आत फिरतो, बक्कल आतल्या बाजूला येतं आणि पाऊल टाकताना दुसऱ्या पायाला खटकतं. दोरीवर दोन दिवस टांगला तरी आत ओल राहते आणि मग बुरशीचा वास धरतो. यावर चांभाराकडेही इलाज नाही.

फोम पाणी पीत नाही. फडक्यानं पुसून उभा ठेवला की झालं. त्याचीही दुखणी आहेत. वेल्क्रोत लाल माती भरली की पकड जाते; जुन्या टूथब्रशनं ती काढावी लागते, म्हणून शक्यतो बक्कलवाला घ्यावा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नये, आकार बिघडतो.

घेताना किकर घालूनच पॅड बांधून बघा. उभं राहिल्यावर गुडघ्याची वाटी पॅडच्या गुडघ्याच्या भागात मधोमध यायला हवी. खालचा पट्टा घट्ट, वरचा दोन बोटं जातील इतका सैल. दहा-बारा पावलं चाला. किकर पॅडला वर ढकलत असेल तर ती जोडी जमत नाही, आणि मध्ये फट राहत असेल तर घोट्यावर मार बसणारच. नियमाप्रमाणे रुंदी पायावर बांधल्यावर 300 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जुने वापरलेले फोमचे पॅड मिळत असतील तर आतल्या कडा दाबून पाहा; तिथं तुकडे सुटत असतील तर स्वस्तातही नकोत.

दिवाळीनंतर, कोरड्या मातीवर, आठवड्यातून एकदाच खेळणार असाल तर जुने पॅड अजून एखादा हंगाम काढतीलही. पावसाळ्यात उतरणार असाल तर मी फोमचेच घ्या म्हणेन.