फियाट १२४ स्पायडर (१९८०): गंजातून रस्त्यावर, आणि त्यानंतरचे महिने

आधी निकाल सांगून टाकतो, मग ज्यांना सविस्तर वाचायचंय ते वाचतील. १९८० ची फियाट १२४ स्पायडर, म्हणजे अमेरिकेत ‘स्पायडर २०००’ या नावाने विकली गेलेली उघड्या टपाची इटालियन गाडी, घरच्या गॅरेजात सुधारून रोजच्या रस्त्यावर आणण्याजोगी आहे. पगारदार माणसाच्या आवाक्यातली आहे. इंजिनाने मला फारसं छळलं नाही. घाम आणि पैसा गेला तो पत्र्यात. म्हणून अशी गाडी बघायला जाताना काय बघू, असं कुणी विचारलं की मी एकच सांगतो: बॉनेट उघडा, पण इंजिनाकडे नंतर बघा.

मी राहतो सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, बे एरियात. गाडी इथलीच, कॅलिफोर्नियात विकली गेलेली, बॉशच्या इंधन इंजेक्शनची. हे सांगायचं कारण असं की इथल्या बहुतेक गाड्यांनी बर्फावर टाकलेलं मीठ पाहिलेलं नाही. ओहायो किंवा न्यू जर्सीकडची हीच गाडी स्वस्तात दिसली, तर ती स्वस्त का आहे हे खाली वाकून बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

ही गाडी फेरारीच्या जातीची समजून घाबरणाऱ्यांसाठी थोडी वंशावळ. १९६६ च्या नोव्हेंबरात तुरीनच्या मोटार प्रदर्शनात ही पहिल्यांदा दिसली, आणि तिच्या अंगाखाली आहे ती फियाट १२४, म्हणजे चार दारांची संसारी गाडी. रशियातली पहिली लाडा त्याच १२४ वरून निघाली. आपल्याकडची प्रीमियर ११८ एनई आठवते? तीही याच घरातली, फक्त तिला इंजिन निसानचं दिलं होतं. माझ्या लहानपणी शेजारच्या काकांकडे ११८ एनई होती आणि आमच्याकडे पद्मिनी. पद्मिनीवाले ११८ वाल्यांकडे कसे बघायचे, हे ज्यांनी ऐंशी-नव्वदचं मुंबई-ठाणं पाहिलंय त्यांना सांगायला नको. तर स्पायडर म्हणजे त्या ११८ एनईची देखणी, बिनधास्त इटालियन मावसबहीण. तिचे सुटे भाग साध्या फियाटचे, म्हणून भाव साधे. हीच तिची खरी खुबी.

देखणी मात्र खरोखर आहे. पिनिनफारिना या इटालियन गाड्या आखणाऱ्या कंपनीत तेव्हा टॉम यार्डा नावाचा डेट्रॉइटमध्ये जन्मलेला डिझायनर होता, त्याने ही आखली. १९६३ मध्ये त्यानेच कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स गाडीवर ‘राँदिने’ नावाची एकच दाखवायची गाडी काढली होती. तिची मागची बाजू आणि स्पायडरची मागची बाजू शेजारी ठेवून बघा, ओळख पटते. म्हणजे इटालियन म्हणून आपण जिच्यावर भाळतो ती रेघ एका अमेरिकनाची, आणि दोन लाखांच्या आसपास बनलेल्या गाड्यांपैकी बहुसंख्य गेल्याही अमेरिकेलाच. १९७५ पासून इथल्या नियमांपायी तिला जाडजूड बंपर चढवले आणि उंचीही वाढवली. बरेच लोक ते काढून युरोपातले नाजूक बंपर लावतात. मी काढले नाहीत. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कोण कसं दार उघडतं आणि रिव्हर्स घेतं ते रोज बघतोय.

आता पत्रा. पुढच्या चाकांच्या वर, बॉनेटखाली दोन्ही बाजूंना शॉकअॅब्सॉर्बरचे जे खांब आहेत ते हिचं मर्मस्थान. तिथे पत्र्याचे थर एकावर एक आहेत. चाक चिखल उडवतं, तो थरांच्या फटीत बसतो, ओल धरतो आणि आतून खात सुटतो. वरून रंग झकास दिसत असतो. पुढच्या सस्पेन्शनचा सगळा भार याच जागी, त्यामुळे इथला गंज म्हणजे शोभेचा प्रश्न राहत नाही, गाडी रस्त्यावर न्यायची की नाही असा होतो. टॉर्च घ्या, चाकाच्या कमानीत हात घाला, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. मग दाराखालच्या पट्ट्या, पायाखालची जमीन आणि मागच्या चाकांच्या कमानी. शेवटी गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि दार उघडून परत लावा. दार अडकायला लागलं, तर मधला सांगाडा वाकतोय. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, जे काही बळ ते खालच्या पट्ट्यांत.

माझ्या गाडीचे खांब वाचले होते, जमीन गेली होती. आधीच्या कुणीतरी भोकांवर फायबरची चादर चिकटवून वरून डांबर फासलं होतं. कार्पेट उचललं तेव्हा कोपरा हातात आला. नव्या पत्र्याचे तयार तुकडे मिळतात, महाग नाहीत. महाग आहे ते वेल्डिंग, आणि त्याहून वेल्डरचा मोकळा वेळ. ज्या गॅरेजला काम दिलं त्यांनी सांगितलेल्या मुदतीच्या तिप्पट वेळ लावला आणि दर फोनला ‘नेक्स्ट वीक’. अमेरिकेतले गॅरेजवाले आणि आपले गॅरेजवाले यांत मला तरी फरक आढळला नाही. काम मात्र चांगलं केलं, पुट्टी कमी आणि पत्रा जास्त. चुंबक फिरवून खात्री करून घेतली, तो पुट्टीला चिकटत नाही. रंग गडद निळा. लाल करायचा आग्रह प्रत्येकाने धरला, म्हणूनच केला नाही.

इंजिनाबद्दल लिहायला मजा येते, पण तिथे काम कमी निघालं. हे दोन कॅमशाफ्टचं (म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन दांड्यांचं) इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदीचं. हा माणूस आधी फेरारीत होता. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला फेरारीने फॉर्म्युला वनची पहिली जागतिक शर्यत जिंकली, त्या गाडीचं इंजिन त्याचं. मग तो फियाटमध्ये आला आणि शर्यतीतली दोन कॅमशाफ्टची हौस त्याने सामान्य माणसाच्या गाडीत आणली, तीही महागड्या साखळीऐवजी दातेरी रबरी पट्ट्यावर. पुढे याच घराण्याच्या इंजिनांनी फियाट १३१ अबार्थला आणि लान्सिया डेल्टाला जागतिक रॅली जिंकून दिल्या. माझ्याकडचं १,९९५ सीसीचं, अमेरिकन आकड्यांत १०२ अश्वशक्तीचं. आजच्या कुठल्याही एसयूव्हीपुढे हा आकडा किरकोळ, पण गाडीचं वजनही एक टनाच्या आसपासच.

लाम्प्रेदीची अक्कल व्हॉल्व्ह जुळवताना कळते. कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्या मधे टॅपेट असतो, त्याच्या डोक्यावर चकती असते. हत्याराने टॅपेट दाबून धरायचा, चकती काढायची, हव्या त्या जाडीची बसवायची. कॅमशाफ्ट हलवायचा नाही. रविवारी सकाळी चहा होईपर्यंत एक बाजू उरकते. (चहा दोनदा होतो ते सोडा.) टायमिंग पट्ट्याबद्दल मात्र चालढकल नको. गाडी घेतली की आधीचा मालक काहीही म्हणो, पट्टा, त्याचा ताण देणारा बेअरिंग आणि पाण्याचा पंप हे तिन्ही बदला, मगच किल्ली फिरवा. रबर मैल मोजत नाही, वय मोजतं. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि स्वस्त गाडी एका क्षणात महाग होते.

इंजेक्शनची लोकांना विनाकारण भीती. बॉशची ही एल-जेट्रॉनिक पद्धत इंजिनात जाणारी हवा एका झडपेने मोजते आणि त्या मापाने पेट्रोल सोडते. म्हणजे झडपेला चुकवून हवा शिरली की सगळं गणित फिसकटतं. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा: गाडी अडखळायला हवी. नाही अडखळली, तर दुसरीकडून कुठून तरी हवा आधीच आत येतेय. माझ्याकडे भेग हवेच्या जाड रबरी नळीच्या घडीत होती, वरून दिसायची नाही, नळी वाकवली की उघडायची. नवी नळी टाकली आणि लोक ज्याला ‘इटालियन स्वभाव’ म्हणतात तो गेला. जाताजाता पेट्रोलच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या काढून टाका. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने नरमतं, आणि ही गळती तापलेल्या इंजिनावर होते.

वायरिंगच्या तक्रारी तुम्ही ऐकल्या असतील, ‘फिक्स इट अगेन, टोनी’ (पुन्हा दुरुस्त कर रे, टोनी) हा फियाटच्या इंग्रजी अक्षरांवरचा विनोदही. त्यातल्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या निघतात. हेडलाइट लावला की पाण्याच्या तापमानाचा काटा उडी मारायचा. इंजिन काही दिव्याने तापत नाही. अर्थच्या जोडांवरचा रंग आणि गंज खरवडून ते पुन्हा घट्ट आवळले, काटा शहाण्यासारखा बसला. दुसरं, हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून जातो, ते बटण तापतं. दोन रिले टाकले, म्हणजे मोठा करंट बटणाऐवजी त्यांच्यातून जातो, रेडिएटरच्या पंख्यालाही एक. खर्च क्षुल्लक, फरक प्रचंड. रात्री आता खरंच दिसतं.

ब्रेक चारही चाकांना डिस्क, आणि हे १९६६ पासून, जेव्हा भल्याभल्या गाड्यांना मागे ड्रम असायचे. मागच्या कॅलिपरवर (डिस्कला पॅड दाबणाऱ्या चिमट्यावर) हँडब्रेकही चालतो, त्यामुळे नवे पॅड टाकताना पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. हे माहीत नसलेले मेकॅनिक तो ठोकतात, आणि मग कॅलिपर नवा घ्यावा लागतो.

आता चालवण्याबद्दल. शनिवारी सकाळी वुडसाइडवरून हायवे ८४ ने वर चढायचं, स्कायलाइनवर रेडवूडच्या गर्दीत थोडं भटकायचं, मग ला होंडाकडून समुद्रावर उतरायचं. या रस्त्यावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जो आवाज काढते, त्यासाठी पत्र्याचं बिल भरलं होतं असं वाटतं. गिअरचा दांडा छोटा आणि नेमका, पाचही गिअर जागच्या जागी. स्टीअरिंग जुन्या पेटीचं, मध्यावर किंचित सैल, वळणात शिरलं की बोलकं होतं. खराब रस्त्यावर डॅशबोर्ड आणि काच थरथरतात, आणि तो थरथराट कुठल्याही दुरुस्तीने पूर्ण जात नाही. बसण्याची ठेवण लांब हातांच्या आणि आखूड पायांच्या माणसासाठी आहे. सहा फुटी मित्र चालवायला बसला तर गुडघे स्टीअरिंगच्या दोन बाजूंना.

टप या गाडीचा सर्वांत कमी गाजलेला गुण. काचेवरचे दोन खटके उघडा, सीटवर बसूनच एका हाताने मागे ढकला, झालं. बाजूच्या छोट्या काचाही त्याच्याबरोबर घडी होतात. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत पाऊस आला की उतरून नळ्या आणि बटणं जुळवत भिजायचं. नवं कापड बसवताना मात्र ते ऊन पडलेल्या दिवशी ताणा. थंडीत ताणलेलं कापड शेवटची दोन बोटं पुढे येतच नाही.

फ्रीवेवर ती रमत नाही. ताशी सत्तर मैलांना पाचव्यातही इंजिन साडेतीन हजारांच्या पुढे फिरत राहतं, वारा कानात, शेजारी ट्रकचं चाक तुमच्या डोक्याच्या उंचीला. एअरबॅग नाही, एबीएस नाही. मी लहान मुलांना हिच्यातून १०१ नंबरच्या फ्रीवेवर नेत नाही, एवढं पुरे. अॅव्हरेज लिटरला दहाच्या आसपास पडतं. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलं की पायाशी भट्टी पेटते. काटा मात्र आता मधेच राहतो.

बाबा ठाण्याहून आले होते तेव्हा त्यांना फेरीला नेलं. आत बसून त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, “चोक कुठंय रे?” चोक नाही, इंजेक्शन आहे, म्हटल्यावर जरा हिरमुसले. वर चढताना काही बोलले नाहीत. उतारावर म्हणाले, “तिसऱ्यात टाक, ब्रेकवर कशाला उतरवतोस.” खंडाळ्याचा घाट माणसाच्या अंगातून जात नाही. आईने टोपी, स्कार्फ आणि वर शाल असा बंदोबस्त करूनही टप लावायलाच लावला.

पैशांचं सांगतो. गाडी चार हजार डॉलरांना. पत्रा आणि रंग नऊ हजारांच्या थोडं वर. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे बूश, नळ्या, पट्टे मिळून साडेतीन हजारांच्या आत, कारण मजुरी माझी. सीट आणि टप दोन हजारांच्या आसपास. विकायला काढली तर एवढे निघणार नाहीत, त्यामुळे गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने म्युच्युअल फंड घ्यावा. विमा जुन्या गाड्यांचा वेगळा मिळतो, किंमत आधी ठरवून घेतलेली आणि हप्ता कमी, अट एवढीच की रोज कामाला न्यायची नाही.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर साल बघून घ्या. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, माझ्या सालच्या गाडीला दर दोन वर्षांनी जावं लागतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर राज्याने मान्य केलेलाच लागतो आणि तो स्वस्त नसतो. इंजेक्शन नीट असेल तर पास होते. माझी झाली, पण गाडी चांगली वीस मैल तापवून नेली होती. तपासणाऱ्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा ही गाडी पाहिली होती, बॉनेटचा खटका कुठे आहे ते मला विचारलं.

एक काम उरलंय. इंजिन थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो, तापल्यावर गप्प होतो. या गिअरबॉक्सच्या दुसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) झिजते हे जुने लोक सांगतातच. रिंग आणून ठेवली आहे. पाऊस सुरू झाला की गिअरबॉक्स उतरवीन. तोपर्यंत सकाळचा पहिला मैल मी पहिल्यातून तिसऱ्यात टाकतोय.