अल्हाम्ब्राचं तिकीट मिळालं, पण नासरी महालांचं नव्हतं

स्पेनमधल्या ग्रनाडा शहराचा अल्हाम्ब्रा हा गड बघायला जाणाऱ्यांचे पैसे बुडतात ते बहुधा घरबसल्या, निघायच्या महिनाभर आधी. मोबाईलवर ‘अल्हाम्ब्रा तिकीट’ असं शोधलं की वरची उत्तरं जाहिरातींची येतात. एकीवर सिंहांच्या कारंजाचा झकास फोटो असतो, खाली लाल अक्षरांत ‘थोडीच तिकिटं शिल्लक’, आणि माणूस घाईघाईने कार्डाचा नंबर टाकून मोकळा होतो. तिकीट येतंही. टेकडी चढून गेल्यावर कळतं की ज्या कारंजाच्या फोटोला भुललो, त्या चौकात पाऊल टाकायचा हक्कच या तिकिटात नाही.

हे कसं घडतं ते कळायला गडाची रचना माहीत हवी. साबिका टेकडीवर आणि तिच्या शेजारी मिळून चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पश्चिमेच्या टोकाला अल्कासाबा, म्हणजे मूळ लष्करी किल्ला. त्याच्या वेला बुरुजावरून सगळं शहर दिसतं. मधे नासरी महाल, म्हणजे ग्रनाडाच्या शेवटच्या मुस्लिम राजघराण्याचे राजवाडे. यातले आज दिसणारे मुख्य भाग १४ व्या शतकात युसुफ पहिला आणि मुहम्मद पाचवा या सुलतानांनी उभे केले. महालांना खेटून सम्राट पाचव्या कार्लोसचा चौकोनी दगडी राजवाडा, जो १४९२ मध्ये ग्रनाडा ख्रिस्ती राजांच्या हाती पडल्यानंतर कित्येक वर्षांनी बांधायला घेतला. आणि तटाबाहेर शेजारच्या उतारावर हेनेरालिफे, सुलतानांची उन्हाळी वाडी आणि बागा. लोक ज्यासाठी एवढ्या लांब जातात ते मर्टलच्या हिरव्या कुंपणांचं तळं, राजदूतांचा दिवाणखाना, १२ संगमरवरी सिंह आणि त्यांच्याभोवतीचे १२४ खांब, हे सगळं एकट्या नासरी महालांत आहे.

टंचाईही तेवढ्याच भागाची आहे. खोल्या अरुंद, गिलाव्यावरची नक्षी नाजूक, म्हणून दर अर्ध्या तासाला जेमतेम ३०० माणसं आत सोडतात. बाकीच्या बागा, बुरुज यांना अशी अर्ध्या तासाची वेळ नसते. कार्लोसचा राजवाडा, न्यायद्वार, त्यामागचं पाण्याच्या हौदांचं पटांगण आणि गडावरची मुख्य गल्ली तर तिकिटाशिवाय, फुकट फिरता येते. ठकांचं सगळं दुकान या फरकावर चालतं. ‘अल्हाम्ब्रा’ हे नाव चारही भागांना लागू पडतं, त्यामुळे ते लिहून काहीही विकलं तरी खोटं बोलल्याचा आळ येत नाही. आपल्याकडे रायगडावर पुरातत्त्व खात्याचं २५ रुपयांचं तिकीट काढलं की सगळा गड आपला, त्या सवयीने आपण तपशील वाचत नाही.

अधिकृत विक्री करतं ते पात्रोनातो दे ला अल्हाम्ब्रा ई हेनेरालिफे, म्हणजे किल्ल्याचा कारभार बघणारी सरकारी संस्था. त्यांच्या विक्रीच्या साइटच्या पत्त्यात ‘टिकेट्स’, मग बिंदू, मग ‘अल्हाम्ब्रा-पात्रोनातो’ आणि शेवटी ‘डॉट ईएस’ असतं. नुसतं डॉट ईएस बघून खात्री धरू नका. ते कोणालाही घेता येतं. ‘ऑफिशियल’, ‘अल्हाम्ब्रा’ आणि ‘तिकिटं’ हे शब्द जोडून बनवलेले पत्ते हवे तितके आहेत, आणि पानावर लाल-सोनेरी नक्षी लावली की पान सरकारी वाटायला लागतं. जाहिरातीवर टिचकी न मारता पत्ता हाताने टाकणं, एवढ्याने अर्धी फसवणूक टळते.

त्या साइटवर नेहमीच्या गरजेचे प्रकार मोजकेच आहेत. दिवसाचं सर्वसाधारण तिकीट, ‘अल्हाम्ब्रा हेनेराल’, यात नासरी महाल, अल्कासाबा, हेनेरालिफे सगळं आलं. मोठ्या माणसाला २० युरोच्या आसपास पडतं आणि दर अधूनमधून वाढतो. ‘हार्दिनेस, हेनेरालिफे ई अल्कासाबा’ हे बागा आणि किल्ल्याचं, बरंच स्वस्त, नासरी महाल वगळून. रात्रीचं तिकीट वेगळं: महालांचं निराळं आणि हेनेरालिफेचं निराळं, आणि त्यात दिवसाच्या बाकीच्या जागा येत नाहीत. शहरातल्या काही मुस्लिमकालीन वास्तू जोडलेलं ‘दोब्ला दे ओरो’ नावाचंही एक आहे. बदलाबदली नेमकी पहिल्या दोघांत होते. दलालाच्या पानावर फोटो सिंहांचा, मथळा ‘अल्हाम्ब्रा प्रवेश, रांगेविना’, आणि पान खाली सरकवत गेलात की ‘काय समाविष्ट’ या भागात बारीक अक्षरांत बागा, हेनेरालिफे, अल्कासाबा. नासरी महाल ‘समाविष्ट नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं क्वचितच सापडेल. तो शब्द नुसता गाळलेला असतो. म्हणून पैसे भरण्याआधी पानावर ‘नासरी महाल’ हे शब्द आणि त्यांच्या प्रवेशाची ठरावीक वेळ, दोन्ही शोधा. एक जरी नसलं तरी ते तिकीट तुमच्या कामाचं नाही.

याहून निर्लज्ज प्रकार म्हणजे ‘अल्हाम्ब्रा परिसर सफर’. वाटाड्या डाळिंब दरवाज्यातून झाडीच्या रस्त्याने वर नेतो, न्यायद्वारातून आत घेतो, कार्लोसच्या राजवाड्यातलं गोल अंगण दाखवतो, गल्लीतून फिरवून खाली सोडतो. यातल्या एकाही जागेला तिकीट लागत नाही. चांगल्या माहितगाराला बोलण्याचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ‘तिकिटासह’ म्हणून रक्कम लावली असेल तर ते तिकीट कशाचं हे विचारा.

किमतीचा हिशेब. पुण्याहून निघालेलं चौघांचं कुटुंब धरा: आई, वडील, १७ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा. अधिकृत साइटवर १२ वर्षांखालच्या मुलाला पैसे लागत नाहीत, पण त्याच्या नावाचं शून्य किमतीचं तिकीट काढावंच लागतं. म्हणजे तीन तिकिटांचे साधारण ६० युरो. दलाल तेच ५५ युरोला एक लावत असेल आणि मुलाचेही पूर्ण घेत असेल, तर २२० होतात. वर आपल्या कार्डावर परकीय चलनाचा दोन-साडेतीन टक्के अधिभार वेगळा. गाइडसकट सफरीला जास्त पैसे पडणं रास्त आहे, आणि नोंदणीकृत एजन्सींना तिकिटांचा कोटाही मिळतो. ‘नासरी महाल समाविष्ट’ असं लेखी देणारी, अंदालुसिया प्रांताच्या सरकारचं ओळखपत्र गळ्यात असलेला गाइड देणारी सफर घेतलीत तर ती फसवणूक नव्हे. नुसत्या प्रवेशाला तिप्पट पैसे, हा प्रकार वेगळा.

आता विकणारा खरा की खोटा हे ओळखायची सर्वांत पक्की खूण. अल्हाम्ब्राचं तिकीट नावाचं असतं. घेताना प्रत्येक माणसाचं नाव आणि पासपोर्टचा नंबर भरावा लागतो. तिकिटाच्या कागदावर ते नाव, तारीख, प्रकार, नासरी महालांची वेळ आणि क्यूआर कोड छापलेला येतो. तेव्हा पैसे घेताना ज्याने चौघांचे पासपोर्ट नंबर मागितलेच नाहीत, त्याने तुमच्यासाठी अजून काहीही घेतलेलं नाही. तो आधी पैसे जमवतो, मग शोधायला लागतो. मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर प्रवासाच्या दोन दिवस आधी ईमेल येतो की ‘तांत्रिक कारणाने’ बागांचं तिकीट देत आहोत, किंवा वेळ सकाळी १० ऐवजी संध्याकाळी ६ ची आहे. तोवर तुमचं कोर्दोबाचं किंवा माद्रिदचं परतीचं रेल्वे तिकीट निघालेलं असतं, आणि तुम्ही मान तुकवता. ‘विनंती स्वीकारली’ आणि ‘तिकीट निघालं’ या दोन ईमेलांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नावाच्या तिकिटामुळेच दुसऱ्याकडून घेतलेलं तिकीट जवळपास हमखास बुडतं. युरोपातल्या मराठी माणसांच्या फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘आमचं जाणं रद्द झालं, अल्हाम्ब्राची चार तिकिटं आहेत, मूळ दरात देतो, यूपीआय चालेल’ असे मेसेज फिरतात. भाषा आपली, आडनाव आपलं, म्हणून कोणी शंका घेत नाही. देणारा प्रामाणिक असला तरी त्यावर नाव त्याचं, पासपोर्ट नंबर त्याचा. दारावर तुमचा पासपोर्ट उघडला की संपलं. आणि देणारा लबाड असेल तर तीच पीडीएफ पाच जणांना विकलेली असते. क्यूआर पहिल्यांदा ज्याचा वाचला जाईल तो आत, बाकीचे बाहेर. यूपीआयने गेलेले पैसे कार्डासारखे वाद घालून परत मागता येत नाहीत.

तपासणी एकदाच होते असा एक गोड समज आहे. मुख्य दारावर होते, महालांच्या दारावर होते, अल्कासाबा आणि हेनेरालिफेच्या दारावरही होते. महालांची रांग कार्लोसच्या राजवाड्याच्या भिंतीला लागून उभी राहते. कर्मचारी एका हाताने कोड वाचतो, दुसऱ्या हाताने पासपोर्टचं फोटोचं पान मागतो. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलेल्यांची इथे तारांबळ उडते. तिकीट काढल्यानंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर भारतीय पासपोर्टचा नंबर बदललेला असतो. जुनं, रद्द केलेलं पुस्तक सोबत ठेवा. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, ते पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा.

‘रांगेविना प्रवेश’ ही विकायची गोष्टच नाही. ऑनलाइन तिकीट असलेला कोणीही खिडकीच्या रांगेत उभा राहत नाही, आणि महालांच्या वेळेच्या रांगेत सगळ्यांनाच उभं राहावं लागतं. इथे एक अडचण आहे ती कोणी फसवल्यामुळे येत नाही, पण पैसे तसेच जातात. तिकिटावरची वेळ महालांच्या दाराची असते, गडाच्या दाराची नव्हे. हेनेरालिफेकडच्या मुख्य प्रवेशापासून महालांपर्यंत चालत १५ मिनिटं सहज लागतात, लहान मुलं-म्हातारी माणसं असली तर जास्त. वेळ चुकली की आत घेत नाहीत. तिकीट मोबाईलवर किंवा कागदावर असेल तर न्यायद्वारातून थेट वर या, ते महालांना जवळ पडतं. शहरातून सी-३० ची छोटी बस इसाबेल ला कातोलिका चौकातून सुटते. टॅक्सीवाल्याने ‘बस वर जात नाही’ म्हटलं तर हसून सोडून द्या.

तिकिटं संपली असतील तेव्हाच माणूस जाळ्यात सापडतो, म्हणून तेव्हाचे सरळ रस्ते सांगतो. अधिकृत साइट रोज बघत राहा. परत आलेली तिकिटं अधूनमधून पुन्हा दिसतात. ‘ग्रनाडा कार्ड’ या शहराच्या पासमध्ये अल्हाम्ब्रा येतो आणि घेताना महालांची वेळ निवडावी लागते. सर्वसाधारण तिकीट नसताना कधी कधी हा पास असतो. रात्रीचं महालांचं तिकीट बघा. तारीख हलवता येत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुटका होते, फक्त २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला गड बंद असतो. काहीच जमलं नाही तर बागांचं तिकीट अधिकृत दराने, समजून-उमजून घ्या. वेला बुरुज आणि हेनेरालिफेचं पाणी एवढ्यासाठीही दिवस सार्थकी लागतो. एप्रिल ते ऑक्टोबरच्या प्रवासाला महिनोन्‌महिने आधी तिकीट काढलेलं बरं, पण व्हिसा हातात नसताना हे पैसे जाऊ शकतात हे धरून चाला. व्हिसा होईल न होईल या भीतीने थांबणारेच पुढे दलालाला तिप्पट मोजतात.

खाली शहरात, कॅथेड्रल आणि राजेशाही चॅपेलच्या गल्लीत, बायका रोजमेरीची काडी हातात कोंबतात. काडी घेतली की हात धरून भविष्य सुरू, आणि शेवटी पैसे. नाणं दिलं तर ते अशुभ, नोटच हवी. हात पाठीमागे, ‘नो, ग्रासियास’, आणि पाय थांबवायचे नाहीत. रागावून वाद घालू नका. त्या गलक्यात खिसा दुसराच कोणी बघत असतो.

पैसे गेलेच तर वेळ दवडू नका. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे उलटे वळवून, मागा. त्याला पुरावा लागतो, आणि तो आधी जमवलेला असावा लागतो: विक्रीच्या पानाचे वरपासून खालपर्यंतचे स्क्रीनशॉट, पावतीचा ईमेल, चॅट. सेवा दिलीच नाही किंवा वर्णनापेक्षा वेगळी दिली, हे दाखवता आलं तर पैसे परत येण्याची शक्यता असते. बारीक अक्षरांत बागांचं तिकीट लिहिलेलं असेल तर बँक बहुधा हात वर करते. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी विचारला जात नाही, त्यामुळे कार्डाचा नंबर भलत्याच हाती पडला असं वाटताच बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा आणि कार्ड बदलून घ्या. साइट उघडपणे बनावट असेल किंवा यूपीआयने पैसे गेले असतील तर भारतातल्या सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच हाती लागते. ग्रनाडात कार्यालय असलेल्या एजन्सीने फसवलं असेल तर तिथेच ‘ओहा दे रेक्लामासिओनेस’ मागा. अंदालुसियात हा तक्रारीचा फॉर्म ठेवणं आणि ग्राहकाने मागितला की देणं धंदेवाल्याला बंधनकारक आहे. नाही म्हणाला तर ०९२ वर स्थानिक पोलिसांना तिथूनच फोन लावा, आणि फॉर्म भरल्यावर आपली प्रत घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.